मल्टिपल स्क्लेरोसिस: मोबाईल ॲप खरंच उपचार करू शकतं का? मुळशीतल्या रुग्णाला त्याचा काय उपयोग?

सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसतं. डोळा हलवला की दुखतं. नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात तपासून घेतलं, तर नंबर तोच. तीन-चार आठवड्यांत दिसायला लागतं आणि विषय मागे पडतो. मग वर्षा-दीड वर्षाने पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही येत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजाराची सुरुवात अनेकांच्या बाबतीत अशी होते. निदान झालं की माणूस साहजिकच फोन हातात घेऊन शोधू लागतो. तिथे आजकाल औषधांच्या बरोबरीने आणखी एक शब्द दिसतो: 'डिजिटल थेरपी'. ॲप डाउनलोड करा, थकवा कमी करा, चाल सुधारा, स्मरणशक्ती वाढवा. यातलं खरं किती? आणि पुण्यातल्या न्यूरोलॉजिस्टपासून दूर, मुळशीतल्या एखाद्या गावात राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग किती?

थोडक्यात उत्तर असं: एमएस थांबवणारं ॲप नाही. पण या आजारातला थकवा आणि नैराश्य कमी करायला मदत करणारे काही मोबाईल किंवा इंटरनेट कार्यक्रम आहेत, आणि त्यांच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. आणि डॉक्टरांच्या दोन भेटींच्या मधल्या काळात काय घडलं याची नोंद ठेवणं हे काम तर साधा फोनही चोख करतो. मुळशीसारख्या ठिकाणी हा दुसरा उपयोग कदाचित जास्त मोलाचा आहे.

एमएसमध्ये नेमकं काय बिघडतं?

आपल्या मेंदूतून आणि मज्जारज्जूतून जाणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून या आवरणावरच हल्ला करते. आवरण जिथे खराब होतं तिथून जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात. जागा डोळ्याच्या नसेवर असेल तर दिसण्यावर परिणाम, मज्जारज्जूत असेल तर पाय, लघवीवरचा ताबा, स्पर्श. त्यामुळे दोन रुग्णांची लक्षणं सहसा सारखी नसतात. फ्रेंच डॉक्टर ज्याँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, आणि तरीही तो मुळातून बरा करणारं औषध आजवर सापडलेलं नाही.

हा संसर्गजन्य आजार नाही. बहुतेकांना तो २० ते ४० या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो. म्हणजे लग्न, बाळंतपण, नोकरी यांच्या ऐन धामधुमीत. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये सुरुवातीला लक्षणं उसळतात आणि काही आठवड्यांनी पूर्ण किंवा अर्धवट ओसरतात. या उसळीला डॉक्टर 'रिलॅप्स' म्हणतात. रिलॅप्सची संख्या कमी करणारी औषधं १९९३ पासून उपलब्ध होत गेली. इंजेक्शनं, गोळ्या, सलाईनमधून दिली जाणारी औषधं असे बरेच पर्याय आता आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएसवरची तीन औषधं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्यातलं रिटुक्सिमॅब भारतात एमएससाठी बरंच वापरलं जातं.

ॲपबद्दल बोलण्याआधी हे सांगणं गरजेचं आहे, कारण यातल्या कुठल्याही औषधाची जागा ॲप घेत नाही. 'ॲपने बरं वाटतंय' म्हणून औषध बंद केलं, तर लक्षणं नसतानाही मेंदूत नव्या जखमा होत राहू शकतात. त्या एमआरआयमध्ये दिसतात, फोनमध्ये नाही.

सगळी ॲप्स एकाच माळेचे मणी नाहीत

प्ले स्टोअरवर एमएस टाइप केलं की जे येतं त्याची सरमिसळ झालेली असते. काही ॲप्स नुसती आठवण करून देतात: गोळी घ्या, इंजेक्शनची जागा बदला, अमुक तारखेला भेट. बायोजेन या औषध कंपनीचं 'क्लिओ' या प्रकारातलं, सोबतीला आजाराची माहिती देणारं. काही ॲप्स मोजतात, म्हणजे तुमची चाल, बोटांची हालचाल, विचाराचा वेग. आणि अगदी थोडी खरोखर उपचार म्हणून तयार केलेली असतात. त्यांच्यात ठरावीक आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो आणि रुग्णांचे दोन गट करून त्यांची चाचणी झालेली असते. 'डिजिटल थेरपी' हा शब्द खरं तर या शेवटच्या प्रकारापुरताच वापरायला हवा. जाहिरातीत तो तिन्हींना चिकटवला जातो.

थकवा आणि नैराश्य: इथे पुरावा आहे

एमएसमधला थकवा म्हणजे दिवसभर काम करून येतो तो शीण नव्हे. रात्रभर झोप होऊनही सकाळी अंघोळ केल्यावर परत आडवं व्हावंसं वाटतं. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना तो आळस वाटतो. बहुसंख्य रुग्ण या थकव्याची तक्रार करतात आणि त्यावर भरवशाची गोळी नाही.

जर्मनीतल्या 'एलेविडा' या कार्यक्रमाने नेमका हाच प्रश्न घेतला. फोन किंवा संगणकावर हा कार्यक्रम तुम्हाला प्रश्न विचारतो, तुमच्या उत्तरानुसार पुढचा मजकूर बदलतो, आणि थकव्याबद्दलचे विचार, झोप, हालचाल, दिवसाची आखणी यांवर काम करून घेतो. मुळाशी मानसोपचारात वापरली जाणारी सीबीटी ही पद्धत आहे. हॅम्बर्गमधल्या संशोधकांनी २७५ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. निम्म्यांना लगेच कार्यक्रम दिला, निम्म्यांना थांबायला सांगितलं. १२ आठवड्यांनी कार्यक्रम वापरणाऱ्यांचा थकवा दुसऱ्या गटापेक्षा कमी होता, आणि २४ आठवड्यांनीही फरक टिकून होता. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

नैराश्याच्या बाबतीतही असंच काम झालंय. 'डेप्रेक्सिस' हा कार्यक्रम आधी सर्वसाधारण नैराश्यासाठी होता. २०१५ मध्ये ९० एमएस रुग्णांवर तो ९ आठवडे वापरून पाहिला तेव्हा नैराश्याची लक्षणं कमी झाली. पुढे जर्मनी आणि अमेरिकेत २७९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात काहींना नुसता कार्यक्रम दिला आणि काहींना त्यासोबत तज्ज्ञांचा आधार. दोन्ही गटांना काहीही न मिळालेल्या गटापेक्षा बरं वाटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये आले.

आता यातली मर्यादा. 'थांबायला सांगितलेला गट' हा तुलनेचा फार कडक मार्ग नाही, कारण आपल्याला काहीतरी मिळतंय या जाणिवेनेही माणसाला थोडं बरं वाटतं. शिवाय हे निकाल त्या ठरावीक कार्यक्रमांचे आहेत. रंगसंगती आणि प्रश्न सारखे दिसतात म्हणून दुसऱ्या एखाद्या ॲपला ते लागू होत नाहीत.

घरी बसून व्यायाम करून घेणाऱ्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून फिजिओथेरपी देणाऱ्या पद्धतींबद्दल सूर जरा सावध आहे. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ९ अभ्यासांमधल्या ५३१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. फायद्याच्या खुणा दिसल्या, पण पुरावा कमकुवत आहे असंच त्यांनी नोंदवलं. व्यायाम उपयोगी आहे यात वाद नाही. तो फोनवरून किती चांगला शिकवता येतो, एवढाच प्रश्न आहे.

फोन खिशात ठेवून चालायचं, मग काय कळतं?

फोन आडवा धरला की स्क्रीन आपोआप फिरते, कारण आत हालचाल टिपणारे सेन्सर असतात. तेच सेन्सर तुमची पावलं, वळण, तोल मोजू शकतात. रोश कंपनीच्या 'फ्लडलाइट' ॲपमध्ये दोन मिनिटं चालायचं, चालता चालता वळून परत यायचं, पडद्यावरचे आकार बोटाने गिरवायचे, चिन्हं आणि आकडे यांच्या जोड्या लावायच्या अशा छोट्या चाचण्या होत्या. ७६ रुग्ण आणि २५ निरोगी लोकांनी २४ आठवडे असा फोन वापरला. फोनने मोजलेले आकडे दवाखान्यातल्या तपासणीशी बऱ्यापैकी जुळतात, असं त्यात दिसलं.

याचा अर्थ नीट घ्यायला हवा. न्यूरोलॉजिस्ट वर्षातून दोन-तीनदा तुम्हाला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवून बघतात. त्या दिवशी तुम्ही घाटातून गाडीत बसून, उपाशीपोटी, दमून गेलेले असता. त्याउलट फोन रोजच्या चालीची नोंद ठेवू शकतो. पण हे मोजमाप आहे, उपचार नाही. आणि रोज स्वतःची परीक्षा घेतल्याने काही जणांची काळजी वाढते, हेही खरं आहे. आकडा दोन दिवस घसरला की जीव घाबरा होत असेल, तर आठवड्यातून एकदाच मोजा.

मुळशीत हे कसं चालेल?

मुळशी तालुक्याची गंमत अशी की हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात आहे. जिथे जगभरासाठी सॉफ्टवेअर लिहिलं जातं तो आणि धरणाच्या पलीकडे, जिथे काही वाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं तो, कागदोपत्री एकच तालुका. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट करत पौडला पोचायला सुमारे तीस किलोमीटर, आणि पुढे माले, ताम्हिणी. लवळ्याला मोठं खासगी रुग्णालय झालंय. पण एमएसची दीर्घकाळ देखभाल म्हटली की बहुतेकांना पुणे शहर गाठावं लागतं. पावसाळ्यात ताम्हिणीकडून येणाऱ्याचा त्यात दिवस जातो.

म्हणून इथे ॲप निवडताना पहिला प्रश्न 'किती भारी आहे' हा नसून 'इंटरनेट नसताना चालतं का' हा आहे. नोंद फोनमध्येच साठवून नंतर पाठवणारं ॲप कामाचं. प्रत्येक पानाला नेट मागणारं ॲप आठवड्यात बंद पडतं.

दुसरी अडचण भाषेची आणि जगण्याची. वर सांगितलेले कार्यक्रम मुळात जर्मन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिले गेले. त्यातली उदाहरणं ऑफिसातली, सुपरमार्केटमधली. 'दुपारच्या मीटिंगआधी दहा मिनिटं विश्रांती घ्या' हा सल्ला हिंजवडीत बसणाऱ्याला लागू पडेल. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाईने त्याचं काय करायचं?

तत्त्व मात्र तिलाही लागू होतं. अंगातली ताकद म्हणजे पाकिटातले मोजके पैसे समजायचे आणि सकाळीच सगळे खर्च करायचे नाहीत. पाणी भरणं, चुलीपुढचं काम, कपडे हे एकाच वेळी न करता मध्ये बसायचं, आणि दमण्याआधी बसायचं, दमल्यावर नाही. चुलीची धग एमएसमध्ये विशेष त्रास देते, त्यामुळे स्वयंपाक सकाळी गारव्यात उरकणं किंवा घरात दुसऱ्याने करणं हाही उपचाराचाच भाग आहे. घरातल्या माणसांनी हे समजून घेतलं नाही तर कुठलंही ॲप काही करू शकणार नाही.

चालण्याची चाचणी फोनवर करणार असाल तर एक साधी खबरदारी. उताराच्या पायवाटेवर मोजलेला आकडा आणि सपाट ओटीवर मोजलेला आकडा यांची तुलना होत नाही. जागा एकच ठेवा, वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळची. आषाढ-श्रावणात शेवाळलेल्या अंगणात दोन मिनिटं भराभर चालण्याचा प्रयोग करू नका. ॲपला घसरण दिसत नाही. सोबत कुणीतरी असू द्या.

आणि ॲप जमत नसेल तर? फोनमधली वही किंवा स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲपचा आवाजी मेसेज पुरतो. मजकूर एवढाच: "मंगळवार. काल संध्याकाळपासून डावा पाय जड. ताप नाही. लघवीला जळजळ नाही. औषध घेतलं. काल रात्री झोप कमी." असे सहा महिन्यांचे मेसेज घेऊन गेलात तर डॉक्टरांच्या हाती जे लागतं ते 'मधे मधे त्रास होतो' या वाक्यातून कधीच लागत नाही. माझं मत विचाराल तर, मराठीत स्वतःच्या शब्दांत ठेवलेली ही नोंद इंग्रजी ॲपमधल्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवण्यापेक्षा सरस आहे.

रिलॅप्स की नुसता उकाडा?

नोंदीचा सर्वात मोठा फायदा इथे होतो. एमएसमध्ये अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म उथॉफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे टिपलं होतं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. एप्रिल-मे मधलं ऊन, गरम पाण्याची अंघोळ, ताप यांनी डोळ्यापुढे धूसर होतं आणि अंग गार झालं की ओसरतं. हा नवा हल्ला नसतो.

खऱ्या रिलॅप्समध्ये नवं लक्षण येतं किंवा जुनं स्पष्टपणे वाढतं, ते किमान २४ तास टिकतं, आणि ताप किंवा संसर्ग हे त्याचं कारण नसतं. लघवीतला जंतुसंसर्ग हा इथला नेहमीचा चकवा आहे. पाय अचानक जड झाले म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टर अनेकदा लघवी तपासायला सांगतात, ते त्यामुळेच. ही तपासणी जवळपासही होते, आणि तिचा रिपोर्ट फोनवरून पुण्याला पाठवता येतो.

फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देणं भारतात नियमात बसतं. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवाही आहे. तरी एका डोळ्याची दृष्टी गेली, पाय चालेनासे झाले, लघवी तुंबली तर ॲपमध्ये नोंद करत बसू नका, व्हिडिओ कॉलचीही वाट पाहू नका. थेट निघा.

पैसे कोण देणार, आणि माहिती कुठे जाणार?

जर्मनीत २०१९ च्या अखेरीस कायदा झाला आणि डॉक्टर औषधासारखंच ॲपही चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. खर्च आरोग्य विमा देतो. एलेविडा त्या सरकारी यादीत आहे. भारतात अशी यादी नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं. पण प्ले स्टोअरवर ॲप दिसतं म्हणजे त्याची सरकारी तपासणी झाली असं समजू नका. पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न सोपा आहे: याच ॲपची एमएसच्या रुग्णांवर चाचणी झाली का, आणि ती कुठे छापून आली?

कंपन्या बंदही पडतात. अमेरिकेतल्या पेअर थेरप्युटिक्सने २०१८ मध्ये नोव्हार्टिससोबत एमएस रुग्णांच्या नैराश्यासाठी सॉफ्टवेअर बनवण्याची घोषणा केली होती. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून आपल्या नोंदी फक्त एका ॲपच्या पोटात ठेवू नका. महिन्यातून एकदा स्क्रीनशॉट काढा किंवा कागदावर उतरवा.

माहितीच्या गोपनीयतेसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण आपल्याकडचा प्रश्न बऱ्याचदा कंपनीआधी घरातच सुरू होतो. अनेक घरांत एक फोन चार जण वापरतात. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीला आपला आजार कुणाला आणि कधी सांगायचा हे ठरवण्याचा हक्क आहे. स्क्रीनवर सगळ्यांसमोर झळकणारं 'तुमच्या एमएस इंजेक्शनची वेळ झाली' हे वाक्य तो हक्क हिरावून घेऊ शकतं. ॲपला लॉक लावा, सूचनेतला मजकूर लपवा. गोळीची आठवण करून देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले तर देऊ नका.

रील बघून भाळण्याआधी

२००९ मध्ये इटलीतले डॉक्टर पाओलो झांबोनी यांनी मांडलं की मानेतल्या शिरा अरुंद असल्यामुळे एमएस होतो आणि त्या फुग्याने रुंद केल्या की फायदा होतो. फेसबुक आणि यूट्यूबवर 'मी चालायला लागलो' असे व्हिडिओ फिरले. हजारो रुग्ण, विशेषतः कॅनडातले, पैसे जमवून परदेशात जाऊन ही प्रक्रिया करून आले. भारतातही ते आले. नंतर नीट चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये खुद्द झांबोनी यांच्याच चाचणीत या प्रक्रियेचा उपयोग होत नसल्याचं दिसलं. व्हिडिओतली माणसं खोटं बोलत होती असं नाही. एमएसची लक्षणं आपोआपही ओसरतात, आणि ज्या वेळी ओसरली त्या वेळी जे केलं होतं त्याला श्रेय मिळतं. 'या ॲपने माझा एमएस गेला' असं कुणी सांगितलं तर हेच आठवा.

मराठीतून बोलायला माणूस हवा असेल तर

नैराश्यासाठी जर्मन कार्यक्रम इथे मिळाला नाही तरी 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते आणि तिची पुण्यात शाखा आहे. कुठलं ॲप इथल्या रुग्णांना खरंच झेपतं, हे तिथले रुग्ण एकमेकांना सांगू शकतात.

आणखी एक कागद बऱ्याच जणांना माहीत नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे आणि तिच्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठीच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर फोनवरून भरता येतो. तपासणीसाठी मात्र नेमून दिलेल्या रुग्णालयात जावं लागतं. तिथे जाताना एमआरआयचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वर सांगितलेली नोंद, तिन्ही सोबत न्या.